मेक्सिकोचे बारा दिवस: कान्कूनच्या चार रात्री कापा आणि मेरिदाकडे वळवा

प्रश्न पुण्याहून आला आहे. "दिवाळीच्या सुमारास आईबाबांना घेऊन मेक्सिकोला जायचं आहे. वयं 66 आणि 70, दोघंही पूर्ण शाकाहारी. सगळ्यांकडे अमेरिकेचा व्हिसा आहे. एजंटने आराखडा दिलाय: कान्कूनला सहा रात्री, त्यातल्या एका दिवशी चिचेन इत्सा, मग मेक्सिको सिटीला तीन रात्री, त्यात 'अ‍ॅझ्टेक पिरॅमिड'. बारा दिवसांची सुट्टी मिळू शकते. हे ठीक आहे का? आणि ते दोघं तिथे जेवतील काय?"

मी चौदा वर्षं मराठी प्रवाशांना मेक्सिकोत घेऊन जातो आहे. हाच आराखडा थोड्याफार फरकाने दर वर्षी कुणीतरी माझ्यापुढे ठेवतं. माझा सल्ला असा, की क्रम उलटा करा. आधी मेक्सिको सिटीत उतरून चार रात्री राहा. तिथून विमानाने पूर्वेकडच्या युकातान राज्यातल्या मेरिदाला जा, तिथे तीन रात्री. मग रस्त्याने वायादोलिद, दोन रात्री. शेवटच्या दोन रात्री समुद्रावर काढा आणि कान्कूनहून परत फिरा. एका शहरात उतरून दुसऱ्या शहरातून निघणारं तिकीट मागा. ते फारसं महाग पडत नाही आणि उलट यायचा एक अख्खा दिवस वाचतो.

कान्कूनवर माझा राग नाही. पण ते शहर 1970 नंतर मेक्सिकोच्या सरकारने पर्यटनासाठीच आखून वसवलं. त्याआधी तिथे वाळूचा पट्टा आणि थोडी कोळी वस्ती होती. समुद्र निळाशार आहे, हॉटेलं उत्तम आहेत. मात्र ज्यासाठी तुम्ही अर्धी पृथ्वी ओलांडून जाताय ते तिथून लांब आहे. कान्कून ते चिचेन इत्सा, म्हणजे माया लोकांचं जुनं शहर, साधारण 200 किलोमीटर. सहलीची बस वाटेत दुकानात थांबते, ऐन बाराच्या उन्हात तुम्हाला आत सोडते आणि दोन तासांत परत बोलावते. सत्तरीच्या माणसाला त्या दोन तासांत फक्त सावली शोधावीशी वाटते.

आता त्या "अ‍ॅझ्टेक पिरॅमिड"बद्दल, कारण ही चूक एजंटच काय, छापील माहितीपत्रकंही करतात. मेक्सिको सिटीपासून 50 किलोमीटरवरचं तेओतिवाकान अ‍ॅझ्टेकांनी बांधलेलं नाही. आपल्या इतिहासाशी जोडून सांगितलं की माझ्या गटातल्या लोकांच्या हे पक्कं लक्षात राहतं, म्हणून तसंच सांगतो. अजिंठ्याची वाकाटककालीन लेणी खोदली जात होती, तेव्हा तेओतिवाकान हे जगातल्या मोठ्या शहरांपैकी एक होतं. बादामीचा दुसरा पुलकेशी राज्य करत होता, तेव्हा दक्षिणेकडच्या जंगलात पालेंके इथे पाकाल हा माया राजा गादीवर होता (615 ते 683). वेरूळचं कैलास लेणं पुरं होऊन शंभर-दीडशे वर्षं लोटली, तेव्हा चिचेन इत्सा भरात आलं. आणि देवगिरीचे यादव बुडाले त्याच सुमारास, 1325 च्या आसपास, अ‍ॅझ्टेकांनी तलावातल्या बेटावर आपली राजधानी तेनोचतितलान वसवली. ती कोर्तेस या स्पॅनिश सरदाराने 13 ऑगस्ट 1521 ला पाडली, पोर्तुगिजांनी गोवा घेतल्यानंतर अकरा वर्षांनी. म्हणजे अ‍ॅझ्टेक तेओतिवाकानला पहिल्यांदा गेले तेव्हा ते शहर कित्येक शतकं ओस पडलेलं होतं. तिथले मनोरे बघून त्यांनीच त्या जागेला "देव जिथे घडले ती जागा" अशा अर्थाचं नाव दिलं. मूळ रहिवासी आपल्या शहराला काय म्हणत, ते कुठेच नोंदलेलं नाही.

अ‍ॅझ्टेक स्वतःला मेशिका म्हणवत, देशाचं नाव त्यावरूनच पडलं. त्यांचा मुलूख मध्य मेक्सिकोच्या पठारावर. माया लोक युकातान, चियापास, ग्वाटेमाला या बाजूला. दोघांमध्ये हजारभर किलोमीटर आणि भाषा पूर्ण वेगळ्या. एकाच सहलीत दोन्ही बघायचं तर दोन्हींना स्वतंत्र दिवस द्यावे लागतात. दोन्ही भाषा आजही जिवंत आहेत. अ‍ॅझ्टेकांची नावात्ल भाषा बोलणारे पंधरा लाखांहून जास्त आहेत, युकातानमधली माया बोलणारे साडेसात लाखांहून जास्त. एकदा वायादोलिदच्या रस्त्यावर आमचा ड्रायव्हर फोनवर आईशी बोलत होता. मागच्या सीटवरच्या काकूंनी विचारलं, हे स्पॅनिश वेगळंच वाटतंय. तो म्हणाला, ही माया आहे, घरी आम्ही हीच बोलतो. त्याआधी अर्धा तास मी "माया संस्कृती लयाला गेली" असं सांगत होतो. तेव्हापासून मी ते वाक्य बोलत नाही. दक्षिणेतली मोठी शहरं नवव्या शतकात ओस पडली हे खरं, लोक मात्र तिथेच राहिले.

मेक्सिको सिटीचा पहिला दिवस मोकळा ठेवा. शहर 2240 मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षाही जवळजवळ सहाशे मीटर उंच. लांबचा प्रवास, साडेअकरा तासांचा वेळेचा फरक आणि त्यात विरळ हवा. बाबांना पहिल्या दिवशी जिना चढताना धाप लागली तर घाबरू नका. भरपूर पाणी (बाटलीतलंच, नळाचं नको), हलकं जेवण आणि झोप एवढं पुरतं. रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू असतील तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना ही उंची सांगा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोकालो, म्हणजे मुख्य चौक. त्याच्या कोपऱ्याला तेंप्लो मायोर, अ‍ॅझ्टेकांचं मुख्य मंदिर. ही माझी मेक्सिकोतली सर्वांत आवडती जागा आहे. फेब्रुवारी 1978 मध्ये वीज कंपनीचे कामगार रस्त्याखाली खोदत होते, आणि त्यांच्या फावड्याला कोरीव दगड लागला. सव्वातीन मीटर व्यासाची ती गोल शिळा, तिच्यावर हातपाय तुटलेली चंद्रदेवता कोयोलशाउकी. त्यानंतर वरच्या इमारती पाडून पुरातत्त्वज्ञ एदुआर्दो मातोस मोक्तेसुमा यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झालं. हे मंदिर एकदाच बांधलेलं नव्हतं. जुन्यावर नवं कवच असं सात वेळा वाढवलेलं. आज फळ्यांच्या वाटेवरून चालताना ते थर कांद्याच्या पाकळ्यांसारखे एकापलीकडे एक दिसतात. माथ्यावर दोन गाभारे होते, एक पावसाच्या त्लालोकचा, दुसरा सूर्य-युद्धाच्या वीत्सिलोपोच्त्लीचा. शेती आणि लढाई, ज्यावर ते राज्य उभं होतं त्या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी.

नरबळीचा विषय इथे निघणारच. 2015 मध्ये शेजारीच कवट्यांची रचलेली भिंत सापडली, त्यामुळे ते झालंच नाही असं कुणी म्हणू शकत नाही. पण फक्त रक्ताच्या गोष्टी रंगवून सांगणारा वाटाड्या घेऊ नका. याच लोकांनी तलावात तरंगतात की काय असं वाटणारी शेती केली, खुंट रोवून गाळाचे वाफे उचलले, आणि त्यावर एक मोठं शहर पोसलं. ती शेती, चिनाम्पा, सोचिमिल्कोला आजही चालू आहे. तिथे रंगीत नावा आणि गाणीबजावणी असते, आईबाबांना मजा येईल. शनिवार-रविवार सोडून सकाळी गेलात तर वाफ्यांत काम करणारे शेतकरीही दिसतात.

मंदिरालगतचं कॅथेड्रल बघताना जमिनीकडे लक्ष द्या, फरशी कललेली जाणवते. तलाव आटवून त्याच्या मऊ गाळावर हे शहर उभं आहे, आणि विहिरींनी खालचं पाणी उपसल्यामुळे ते खचत चाललं आहे, काही भागांत वर्षाला 50 सेंटिमीटरपर्यंत.

मानववंशशास्त्र संग्रहालय (1964 साली सुरू झालं, चापुल्तेपेक बागेत) एका दिवसात पुरं होत नाही. करायलाही जाऊ नका. मेशिका दालन आणि माया दालन, एवढी दोनच बघा, मध्ये अंगणातल्या त्या प्रचंड छत्रीखाली बसा. मेशिका दालनातली सूर्यशिळा 24 टन वजनाची आहे, 1790 साली सोकालोच्या खाली सापडली. माया दालनात पाकालचा हिरव्या जेडचा मुखवटा आहे. आणि एक गोष्ट मराठी माणसाने तिथे आवर्जून शोधावी: मायांचे आकडे. टिंब म्हणजे एक, आडवी रेघ म्हणजे पाच, आणि शिंपल्यासारखं चिन्ह म्हणजे शून्य. वीस हा पाया. शून्य आपण जगाला दिलं हे आपण शाळेत शिकतो आणि ते बरोबरच आहे. मात्र महासागरापलीकडे, आपल्याशी काडीचा संबंध नसताना, आणखी कुणाला तरी तेच सुचलं होतं. हे बघून माझा अभिमान कमी झाला नाही, सोबती मिळाल्याचा आनंद झाला.

संग्रहालयं सोमवारी बंद. रविवारी स्थानिकांना प्रवेश मोफत असल्याने तोबा गर्दी. आराखडा याभोवती बेता.

तेओतिवाकानला सकाळी आठला, दार उघडतानाच पोचा. दहानंतर ऊन आणि गर्दी दोन्ही चढतात, सावली कुठेच नाही. सूर्याचा पिरॅमिड 65 मीटर उंच आहे. कुठल्या पायऱ्या चढायला उघड्या आहेत ते बदलत असतं, तेव्हा चढण्याच्या आशेवर जाऊ नका. आईबाबांना सबंध मृतांचा मार्ग (तिथला मधला मुख्य रस्ता) चालवण्यापेक्षा गाडीने एका दारातून दुसऱ्या दाराशी न्या.

चौथ्या दिवसासाठी माझी एक खास विनंती आहे. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे हे गदर चळवळीतले क्रांतिकारक. इंग्रजांपासून वाचत, देशोदेशी फिरत ते 1920 च्या दशकात मेक्सिकोत पोचले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले. मक्याच्या वाणांवर त्यांनी तिथे काम केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी शाळा चालवल्या. चित्रकार दिएगो रिवेरा त्यांच्या परिचयाचा. शिक्षण मंत्रालयाच्या जुन्या इमारतीत रिवेराने काढलेली भित्तिचित्रं आहेत, त्यातल्या "आमची भाकर" या चित्रात पंगतीच्या मध्यभागी बसून भाकर मोडणारा माणूस म्हणजे खानखोजे, असं सांगितलं जातं. इमारत सोकालोपासून चालत दहा मिनिटांवर आहे. मी गट नेतो तेव्हा त्या चित्रासमोर खानखोज्यांची हकिगत पूर्ण सांगतो. विदर्भातला माणूस गटात असला की त्याचे डोळे भरून येतात. चापिंगोलाही 2022 मध्ये त्यांचा पुतळा बसवला गेला. तेओतिवाकानच्या रस्त्याला थोडी वाट वाकडी केली की तिथे जाता येतं.

मग मेरिदा. शहर 1542 साली स्पॅनिशांनी वसवलं, ते त्हो नावाच्या माया नगराच्या जागेवर, त्याच मंदिरांचे दगड वापरून. संध्याकाळी चौकात सगळं गाव बसायला येतं. सुरक्षेच्या दृष्टीने मला मेक्सिकोत सर्वांत निश्चिंत वाटणारं शहर हेच.

इथून 80 किलोमीटरवर उश्माल. मला एकच माया स्थळ निवडायला सांगितलं तर मी चिचेन इत्सा सोडून उश्माल निवडेन. गर्दी कमी, झाडं जास्त, आणि दगडी जाळीकाम असं की हात लावावासा वाटतो (लावायचा नाही). भिंतींच्या कोपऱ्यांवर लांब सोंडेसारख्या नाकाचे मुखवटे एकावर एक रचलेले दिसतील. तो चाक, पावसाचा देव. आपले लोक बघताक्षणी "गणपती!" म्हणतात. तो गणपती नाही, आणि तसं सांगणाऱ्या वाटाड्याला थांबवा. इतके मुखवटे का, याचं उत्तर जमिनीत आहे. युकातानच्या उत्तरेला चुनखडीचा सपाट प्रदेश, पाणी मुरतं, जमिनीवर नदीच नाही. इतर ठिकाणी निदान छत कोसळलेल्या गुहांतून, सेनोतेंतून, पाणी मिळायचं. उश्मालच्या टेकड्यांत तेही नाही. म्हणून लोकांनी जमिनीत बाटलीच्या आकाराची टाकी खोदली आणि पावसाळ्याचं पाणी साठवलं. आपल्या गडांवरची टाकी ज्याने पाहिली आहेत, त्याला उश्मालची ती चुल्तून बघून वेगळं समजवावं लागत नाही.

जाताना वाटेत मानी गाव लागू शकतं. 1562 साली दिएगो दे लांदा या पाद्र्याने तिथे माया पोथ्या जाळल्या. आज जगात अशा चारच पोथ्या उरल्या आहेत.

वायादोलिदला मुक्काम करण्याचं कारण एकच: चिचेन इत्साला आठ वाजता दारात उभं राहता येतं. तिकिटाचे दोन भाग असतात, एक राज्याचा, एक केंद्राच्या पुरातत्त्व संस्थेचा. दोन्ही घ्यावे लागतात, फसवणूक नाही. पहिला तास कुकुल्कानच्या, म्हणजे पिसांच्या नागदेवाच्या, मंदिरासमोर काढा. चार बाजूंना 91 पायऱ्या, वरचा चौथरा धरून 365. समोर उभं राहून टाळी वाजवली की पायऱ्यांवरून केत्साल पक्ष्याच्या आवाजासारखा प्रतिध्वनी येतो. वर चढायला कित्येक वर्षं बंदी आहे, ती योग्यच आहे. मग 168 मीटर लांबीचं चेंडूचं मैदान, आणि गोल वेधशाळा. साडेदहाला बसगाड्या येऊ लागतात, तेव्हा तुम्ही बाहेर पडत असाल.

घड्याळाबाबत एक इशारा, कारण यात मी स्वतः गट अडचणीत आणला होता. कान्कूनचं राज्य युकातानच्या एक तास पुढे आहे. वायादोलिदहून कान्कूनच्या विमानतळाला निघताना मी तो तास विसरलो. विमान मिळालं, पण धावत, आणि दोन आजींना चाकाच्या खुर्चीत बसवून. तुमच्या आराखड्यात शेवटी समुद्रावर दोन रात्री आहेत, त्यामुळे हा धोका टळतो.

सेनोतेत पोहता येत नसेल तरी लाइफ जॅकेट घालून उतरता येतं. आधी आंघोळ करायची, अंगाला क्रीम लावायचं नाही, ते पाणी खाली सगळीकडे जोडलेलं आहे आणि गावं तेच पितात. मोठ्या, बसवाल्या सेनोतेपेक्षा गावच्या सहकारी मालकीचा छोटा निवडा, पैसे गावात राहतात. पायऱ्या ओल्या असतात. आईंना वरूनच बघू द्या, तेही सुंदर दिसतं.

नवीन माया रेल्वेबद्दल लोक विचारतात. डिसेंबर 2023 पासून ती टप्प्याटप्प्याने सुरू झाली. डबे चांगले, पण बरीच स्थानकं गावाबाहेर आहेत. शिवाय तिच्यासाठी जंगल तुटलं, सेनोतेंच्या गुहांत खांब उतरवले, ते मला सलतं. ज्येष्ठांसोबत असाल तर चालकासह गाडी घ्या.

आता जेवण. "सिन कार्ने", म्हणजे मांसाशिवाय, एवढं म्हटलंत तर समोरचा गोमांस काढून चिकन वाढेल, आणि त्याच्या दृष्टीने ते बरोबरच असतं. घोटलेल्या राजम्यात, फ्रिहोलेसमध्ये, बहुतेकदा डुकराची चरबी असते, तिला मान्तेका म्हणतात. लाल भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. म्हणून पूर्ण यादी कागदावर स्पॅनिशमध्ये लिहून घ्या: सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन हामोन, सिन मान्तेका, सिन काल्दो दे पोयो. कागद स्वयंपाकघरात पाठवा. मी लॅमिनेट करून प्रत्येकाला देतो.

एवढी काळजी घेतली की पुढे आनंद आहे. तोर्तिया म्हणजे चुन्याच्या पाण्यात शिजवून वाटलेल्या मक्याची पातळ भाकरी. बाजारात तव्यावर ती करणाऱ्या बाईकडे भोपळ्याच्या फुलांची केसादिया मागा. निवडुंगाची, म्हणजे नोपालची, भाजी मागा, चव थोडी भेंडीसारखी. युकातानमध्ये सिकिल पाक नावाची चटणी मिळते, भोपळ्याच्या बिया आणि भाजलेला टोमॅटो वाटून केलेली. माझ्या गटातल्या बायका तिची कृती लिहून घेतात. हामाइका सरबत म्हणजे आपल्या लाल अंबाडीचं. आबानेरो मिरचीला मात्र कोल्हापूरच्या माणसानेही आदबीने हात लावावा. टोमॅटो, मिरची, मका, सगळं इथूनच आपल्याकडे आलं. चिकूसुद्धा. घोलवडच्या चिकूचं मूळ झाड युकातानच्या जंगलातलं, शब्दही मेक्सिकोचाच, नावात्लमधून स्पॅनिशमार्गे आपल्याकडे आला. त्याच झाडाच्या चिकापासून च्युइंगम बनायचं, आणि त्याच लाकडाच्या चौकटी माया मंदिरांत हजार वर्षं टिकल्या.

कागदपत्रं: अमेरिकेचा चालू व्हिसा असलेल्या भारतीयांना मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. तिकीट काढण्यापूर्वी वकिलातीच्या संकेतस्थळावर एकदा खात्री करा, आणि युरोपातून जाणार असाल तर तिथल्या ट्रान्झिटच्या अटीही बघा. पेसोची खूणही डॉलरसारखीच असते, मेनूकार्डावर 180 बघून दचकू नका. कार्ड यंत्राने "रुपयांत आकारू का" विचारलं तर नाही म्हणा, पेसोच निवडा. वादळांचा हंगाम नोव्हेंबरअखेरपर्यंत असतो, तेव्हा तारीख बदलण्याची सोय देणारा विमा घ्या.

शेवटचं तारखांबद्दल. दिवाळीच्या आसपासच जाताय, तर चार दिवस इकडेतिकडे करून 31 ऑक्टोबर ते 2 नोव्हेंबर मेरिदात काढा. तेव्हा तिथे गेलेल्या माणसांचे दिवस असतात. माया लोक त्याला हानाल पिशान म्हणतात, जिवांचं जेवण. पहिला दिवस मुलांचा, दुसरा मोठ्यांचा. घरोघरी टेबल मांडतात, त्यावर गेलेल्याच्या आवडीचं जेवण, पाणी, मेणबत्ती आणि झेंडू. आपला दसऱ्याचा झेंडू मूळचा मेक्सिकोचा. त्याचं तिथलं नाव सेम्पासूचिल, नावात्लमध्ये "वीस फुलं". मी एका वर्षी गटासह मेरिदातल्या एका घरी गेलो होतो. घरच्या आजी फुलांची टोपली घेऊन बसल्या होत्या. आमच्यातल्या साताऱ्याच्या एका काकूंनी पिशवीतून सुई-दोरा काढला आणि शेजारी बसून माळ ओवायला घेतली. भाषा एकीलाही दुसरीची येत नव्हती. माळ झाल्यावर आजींनी ती नवऱ्याच्या फोटोला घातली, आणि काकूंना हाताने विचारलं, तुझं कोण? काकूंनी पर्समधला पासपोर्ट आकाराचा फोटो काढला. तोही त्या टेबलावर ठेवला गेला.

आईंना सुई-दोरा सोबत घ्यायला सांगा. विमानात तो चेक-इनच्या बॅगेत ठेवा.